ब्रह्मगिरीची फेरी : एक डोंगर, दोन समुद्र

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला कुशावर्तात अंघोळ करून माणसं ब्रह्मगिरीच्या फेरीला निघतात. लहान फेरी साधारण २० किलोमीटरची, मोठी हरिहर गडालाही वळसा घालते. आपण ती पुण्यासाठी करतो. पण शेतकऱ्याच्या नजरेनं बघितलं तर ही पाणलोटाची शिवारफेरी आहे.

कसं ते सांगतो. त्र्यंबक गावाच्या अंगाला पडलेला पाऊस गोदावरीला मिळतो आणि १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागरात जातो. डोंगराला वळसा घालून पहिन्याच्या बाजूला आलात, की तिथले ओहोळ वैतरणेकडं धावतात. ते पाणी अरबी समुद्राचं. वर गवताचा उघडा माळ, खाली झाडी, आणि मधल्या धारेवर दोन समुद्रांची वाटणी. त्र्यंबकला वर्षाला २,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, २८ किलोमीटरवरच्या नाशकात जेमतेम ७००. म्हणजे खालच्या शिवाराची भिस्त या डोंगरावरच.

इथली झाडी किती दाट होती, याची खूण वारकरी परंपरेत आहे. याच प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, घरच्यांची पांगापांग झाली आणि निवृत्तिनाथ गहिनीनाथांच्या गुहेत शिरले, असं सांगतात. पुढं ज्ञानेश्वरांना उपदेश मिळाला तो निवृत्तिनाथांकडून. कथा म्हणून घ्या, पण प्रदक्षिणेच्या वाटेवर वाघ भेटतो यात त्या काळी कुणाला नवल वाटलं नाही, हे ध्यानात घ्या.

राजांना हा डोंगर गड म्हणून हवा होता. १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी त्र्यंबकगड स्वराज्यात आणला. खालचं काळ्या दगडाचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलं. १८१८ मध्ये गड इंग्रजांकडं गेला. पण शेतकऱ्याच्या दृष्टीनं मोठा बदल नंतर झाला, १८७८ च्या जंगल कायद्यानं. डोंगरातल्या माणसाचं रान सरकारी झालं. भात-नागलीची रोपं टाकायची तर आधी पालापाचोळा, शेण, फांद्या जमिनीवर पसरून राब भाजावा लागतो. त्यानं तण मरतं, राखेचं खत मिळतं. त्या फांद्या तोडणं गुन्हा झाला, गुरं चारण्यावर बंधनं आली. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्यावर कोरडे ओढले ते यासाठीच. रानातली फळं, पानं विकून आणि चार शेरडं चारून जगणाऱ्या गरिबाचा तो आधार तुटला, हे त्यांनी १८८३ मध्ये मांडलं.

मग धरणांचा काळ आला. वैतरणेच्या अंगाला १९५७ मध्ये मोडकसागर, १९७३ मध्ये अप्पर वैतरणा. हे पाणी मुंबईला. गोदेच्या अंगाला गंगापूर, पुढं १९७६ चं जायकवाडी. पाऊस कमी झाला की नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात पाण्यावरून भांडण ठरलेलं. आमच्या द्राक्षबागेला गंगापूरचा कालवा आहे, त्यामुळं या भांडणात मीही एका बाजूला उभा असतो. पण टीएमसीच्या या हिशेबात डोंगरावरच्या पाड्याचं नाव कुठंच नसतं. जिथं पाऊस सगळ्यात जास्त, तिथंच वैशाखात बाया हंडा घेऊन झऱ्याशी वाटीवाटीनं पाणी भरतात. कारण सरळ आहे. खाली अखंड काळा पाषाण, वर वीतभर माती. झाडी आणि गवत गेलं की माती जाते, आणि पाणी मुरायच्या आत उतरून जातं.

म्हणून माझं म्हणणं असं. धरणात किती साठलं याची नोंद रोज होते, तशी ब्रह्मगिरीच्या झऱ्यांची व्हावी. कोणता झरा कोणत्या महिन्यात आटतो, एवढं पाड्यावरच्या पोरांनी वहीत लिहिलं तरी पुरे. कृषी विभागातल्या मित्रांनी उतारावरच्या नागली-वरईला दगडी बांध आणि बांधावर बांबू सुचवावा. उतार यंत्रानं कापून सपाट करणं थांबावं. आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानं गावाला रान राखायचा हक्क दिलाय, तो कागदावर राहू नये. याचा खर्च एकट्या पाड्यानं का सोसावा? मुंबईनं, नाशकानं आणि आम्ही कालवावाल्यांनीही त्यात वाटा उचलावा.

जुन्या लोकांनी फक्त उगमाला हात जोडले नाहीत, सगळ्या डोंगराला फेरी घातली. येत्या श्रावणात जाल तेव्हा दोन्ही अंगांचे ओहोळ मोजत चला, आणि इथं खाली लिहा.