शिक्षक न होणाऱ्यांचं शिक्षणशास्त्र

एडिनबरा आणि सेंट अँड्र्यूज या दोन स्कॉटिश विद्यापीठांत 1876 साली शिक्षणशास्त्राची अध्यासनं सुरू झाली. पैसा होता अँड्र्यू बेल यांनी मागे ठेवलेल्या निधीतला, आणि बेल यांचं नाव झालं होतं ते मद्रासमुळे. एग्मोरच्या लष्करी अनाथालयाची जबाबदारी 1789 पासून त्यांच्याकडे होती. जवळच्या एका देशी शाळेत मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना त्यांनी पाहिली. आपल्याकडची धूळपाटीच ती. मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवायचं, ही पद्धत त्यांनी अनाथालयात बसवली आणि 1797 मध्ये तिचा अहवाल लंडनमध्ये छापला. विद्यापीठीय शिक्षणशास्त्राच्या घराण्यात मद्रासची ती वाळू आहे, हे आपल्याकडे क्वचितच सांगितलं जातं.

त्याआधी जर्मनीत हाले विद्यापीठानं 1779 मध्ये ट्रॅप यांना या विषयाचे प्राध्यापक म्हणून नेमलं होतं. ते चार वर्षांतच बाहेर पडले. एडिनबराचं अध्यासन मात्र टिकलं. तिथले पहिले प्राध्यापक सायमन लॉरी यांच्याकडे विषय होता शिक्षणाचा सिद्धान्त, इतिहास आणि कला. शिक्षक घडवणारी विद्यालयं तेव्हाही होतीच. मग विद्यापीठानं वेगळं काय करायचं? शिक्षण या गोष्टीचाच विचार करायचा. वर्गाबाहेर जाणारी वाट मला तिथे फुटलेली दिसते.

अमेरिकेत तिला व्यवसायाचं रूप आलं. न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजात मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक 1899 मध्ये आले आणि त्यांनी मोजमापावर भर दिला. चाचण्या तयार करणारे, शाळांचा कारभार पाहणारे, अभ्यासक्रम आखणारे लोक विद्यापीठातून शिकून निघू लागले.

इंग्लंडची गोष्ट निराळी, आणि मला ती फार बोलकी वाटते. 1984 पासून सरकारनं शिक्षक-प्रशिक्षणात काय असावं हे स्वतः ठरवायला घेतलं. वर्गात उपयोगी पडेल तेवढं ठेवायचं, असा रोख होता. शिक्षणाचं तत्त्वज्ञान, समाजशास्त्र आणि इतिहास हे विषय हळूहळू प्रशिक्षणातून बाहेर ढकलले गेले. ते विषय शिकवणाऱ्यांनी मग वेगळी पदवी उभी केली. तिच्यात शिकवण्याचा परवाना नव्हता; शाळा अशा का आहेत, कोणाची मुलं मागे पडतात, या प्रश्नांचा अभ्यास होता. 2000 साली त्या पदवीसाठी राष्ट्रीय निकषही आले. ही पदवी घेतलेली मुलं युवककार्यात, संग्रहालयांत, स्थानिक प्रशासनात, स्वयंसेवी संस्थांत जातात.

आपल्याकडे विचार लवकर झाला. मुंबई विद्यापीठात एम.एड. 1936 मध्येच सुरू झालं होतं, पण त्याची वाट बी.एड.वरूनच जायची. कोठारी आयोगानं 1966 मध्ये स्पष्ट सांगितलं, की शिक्षण हा स्वतंत्र ज्ञानविषय मानावा आणि पदवी-पदव्युत्तर वर्गांत तो ऐच्छिक म्हणून ठेवावा. आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. त्यांनी मुंबईत 1948 मध्ये स्थापन केलेली भारतीय शिक्षण संस्था 1976 मध्ये पुण्यात आली. तिथे आणि चित्रा नाईक यांच्या अनौपचारिक शिक्षणाच्या कामात हा विषय गावातल्या शाळेबाहेरच्या मुलांपर्यंत गेला. बालभारती 1967 मध्ये निघाली, तेव्हा तिच्या अधिकृत नावातच पाठ्यपुस्तक निर्मितीबरोबर अभ्यासक्रम संशोधन हे शब्द होते. काम तयार होतं, पण ते करणाऱ्यांना घडवणारं शिक्षण विद्यापीठांत फारसं नव्हतं. माणसं शिकत ती कामावरच. आयोगाची ती शिफारस इतकी वर्षं मागे पडली, याची मला मनापासून खंत वाटते.

पुढचं पाऊल संस्थांनीच उचललं. होशंगाबादमध्ये 1972 पासून खेड्यातल्या शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम चालू होता. त्याच कामातून 1982 मध्ये एकलव्य ही संस्था उभी राहिली. एकलव्य, जयपूरची दिगंतर, उदयपूरची विद्या भवन, मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र अशांच्या साथीनं टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं 2006 मध्ये प्राथमिक शिक्षणात एम.ए. सुरू केलं. बी.एड.ची अट नव्हती. नोकरी सांभाळून शिकता यावं म्हणून काही आठवडे संस्थेत आणि उरलेला अभ्यास आपापल्या ठिकाणी, अशी रचना होती. त्यामुळे पुस्तकं तयार करणारे, शिक्षकांना प्रशिक्षण देणारे, वस्त्यांमध्ये मुलांसोबत काम करणारे लोक एकाच वर्गात बसले आणि बालविकास, समाजशास्त्र, अभ्यासक्रम हे विषय शिकून पुन्हा आपापल्या कामावर गेले.