अंगणातला चेंडू : हँडबॉलची कुळकथा

११ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमधल्या पुरुष हँडबॉलच्या अंतिम सामन्यात डेन्मार्कनं जर्मनीचा ३९-२६ असा धुव्वा उडवला. मिकेल हान्सेनचा तो शेवटचा सामना. छत्तिसाव्या वर्षी तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं, एक रौप्य आणि सलग तीन विश्वविजेतेपदं होती. २०११, २०१५ आणि २०१८ असं तीनदा त्याला जगातला सर्वोत्कृष्ट हँडबॉलपटू म्हणून गौरवलं गेलं. ज्या खेळात त्यानं हे सारं कमावलं, तो त्याच्याच देशातल्या शाळांच्या आवारात जन्मला. हान्सेनचं मोठेपण नीट कळायला हवं असेल, तर आधी या खेळाचं कूळ पाहावं लागतं.

कोपनहेगनच्या उत्तरेला ऑर्डरुप नावाचं उपनगर आहे. तिथल्या शाळेत होल्गर नील्सन हे क्रीडाशिक्षक होते. १८९६च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पिस्तूल नेमबाजी आणि तलवारबाजी अशा दोन्ही प्रकारांत त्यांनी पदकं मिळवली होती. शाळेच्या अंगणात मुलं फुटबॉल खेळत आणि खिडक्यांच्या काचा फुटत, म्हणून तिथं फुटबॉलला बंदी आली, असं सांगतात. पायानं खेळायची मनाई, म्हणून मुलांनी चेंडू हातात घेतला. हे १८९८च्या सुमाराचं. नील्सन यांनी मुलांचा तो खेळ थांबवला नाही, उलट त्याला शिस्त लावली. १९०६ साली त्यांनी त्याचे नियम पुस्तिकेच्या रूपात छापले. फ्यून बेटावरचं न्यूबोर्ग गावही या खेळावर हक्क सांगतं. तिथं रास्मुस निकोलाय एर्न्स्ट या शिक्षकांनी १८९७ सालीच मुलांना असा खेळ शिकवला होता. मला हा वाद सोडवण्याची गरज वाटत नाही. दोन गावांतल्या दोन शिक्षकांना एकाच वेळी तोच खेळ सुचतो, याचा अर्थ त्याची गरज खरीच होती. नियम लिहून काढण्याचं श्रेय मात्र नील्सन यांचंच.

पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत हाच खेळ वेगळ्या रूपानं वाढला. १९१७ साली बर्लिनमध्ये माक्स हायझर यांनी मुलींसाठी नियम केले. पुढे कार्ल शेलेन्झ यांनी ते पुरुषांच्या खेळासाठी बदलले. हा हँडबॉल फुटबॉलच्या मैदानावर, दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू घेऊन खेळला जाई. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये होता तो हाच. पण उत्तर युरोपात हिवाळाभर मैदानं बर्फाखाली असतात. तिथल्या लोकांनी खेळ व्यायामशाळेच्या छताखाली आणला आणि जागा कमी म्हणून खेळाडू सातवर आणले. १९४६ साली आंतरराष्ट्रीय हँडबॉल महासंघाची स्थापना कोपनहेगनमध्येच झाली. अकरा जणांच्या खेळाची पुरुषांची शेवटची विश्वस्पर्धा १९६६ साली झाली. १९७२ साली म्युनिकमध्ये हँडबॉल ऑलिंपिकमध्ये परतला तो सात जणांचा, छताखालचा.

आज सामना चाळीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद अशा मैदानावर होतो. गोलपासून सहा मीटरवर एक वळणदार रेषा असते आणि तिच्या आत जमिनीवर पाय फक्त गोलरक्षकानं ठेवायचा. चेंडू हातात धरून तीन पावलं चालता येतात आणि तीन सेकंद थांबता येतं. नियम एवढा कडक असला तरी त्यात एक फट आहे : रेषेच्या अलीकडून उडी घ्यावी आणि हवेत असतानाच, पाय टेकण्याआधी, चेंडू सोडावा. हँडबॉलची ओळख बनलेला उडी मारून घेतलेला फटका या फटीतूनच आला.

हान्सेन घडला तो याच परंपरेत. १९८७ साली हेल्सिंगॉर गावी त्याचा जन्म झाला. त्याचे वडील फ्लेमिंग हान्सेन १९८४च्या ऑलिंपिकमध्ये डेन्मार्ककडून हँडबॉल खेळले होते. मिकेलनं व्यावसायिक खेळाला सुरुवात केली ती फ्यून बेटावरच्या जीओजी या क्लबकडून. गुडब्येर्ग, ऊरे आणि गुडमे या तीन खेड्यांच्या नावांची ही आद्याक्षरं, आणि एर्न्स्ट यांचं न्यूबोर्गही याच बेटावर. पुढे तो बार्सिलोना, कोपनहेगन आणि दहा वर्षं पॅरिसच्या क्लबकडून खेळला. शेवटी मायदेशी ऑलबॉर्गला परतला.

त्याचा फटका जवळून पाहण्यासारखा असे. चेंडूवर पकड बसावी म्हणून हँडबॉलपटू बोटांना राळ लावतात, त्यामुळे साठ सेंटिमीटरपर्यंत घेराचा चेंडूही एका हातात मावतो. हान्सेन डाव्या बाजूनं, गोलपासून नऊ-दहा मीटरवरून येई. बचाव करणारा त्याला उडी मारताना अडवायच्या तयारीत असे आणि हा मात्र उडीच मारत नसे. पाऊल जमिनीवर ठेवूनच कमरेच्या उंचीवरून तो चेंडू सोडी. बचावपटूच्या अंगाआड लपलेला चेंडू गोलरक्षकाला दिसे तोवर उशीर झालेला असे. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये रशियाविरुद्ध अखेरच्या क्षणी त्यानं मुक्त फेकीवर थेट गोल केला, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. २०१९च्या विश्वस्पर्धेत त्याचे ७२ गोल झाले. इतर कुणाचेही तेवढे नव्हते.

हे वैभव एकट्या हान्सेननं आणलं नाही. १९९६, २००० आणि २००४ अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं डेन्मार्कच्या महिलांनी जिंकली. पुरुषांना पहिलं सुवर्ण मिळालं ते २०१६ साली, रिओमध्ये. डेन्मार्कच्या घराघरांत हा खेळ पोचवण्यात त्या महिलांचा वाटा फार मोठा आहे, हे हान्सेनचं कौतुक करताना विसरता कामा नये.

काचा फुटतात म्हणून आलेली बंदी, बर्फ पडतो म्हणून शोधलेलं छत, पाय टेकायचा नाही म्हणून घेतलेली उडी : या खेळानं प्रत्येक अडचणीतून काहीतरी नवं काढलं. आपल्याकडे शालेय क्रीडास्पर्धांत हँडबॉल आहे, तरी अनेक शाळांत तो कधी खेळलाच जात नाही. मोठं मैदान नाही, ही तक्रार शहरांतल्या शाळांकडून नेहमी ऐकू येते. शिक्षकांना माझी विनंती आहे की त्यांनी आवार मोजून पाहावं. पूर्ण माप बसत नसेल तर छोटं आखावं, दोन खांब रोवावेत आणि मुलांच्या हाती चेंडू द्यावा. नील्सन आणि एर्न्स्ट यांच्याकडेही सुरुवातीला याहून जास्त काही नव्हतं.