नादारीच्या दप्तराचा माग

१ जुलै १८६५. मुंबईच्या कोटात त्या दिवशी वायद्याच्या सौद्यांची पूर्तता व्हायची होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चार वर्षे लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला होता. मुंबईहून जाणारा कापूस वाटेल त्या भावाने विकला गेला आणि नेहमीपेक्षा आठ कोटी पौंडांच्या आसपास जादा पैसा शहरात आला. तो नव्या बँकांत आणि समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांत शिरला. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजार भरलेला शेअर पन्नास हजारांवर पोचला. मग एप्रिलमध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला, आणि जुलै उजाडला तेव्हा ज्यांनी चढ्या भावाने शेअर घ्यायचे कबूल केले होते त्यांच्या तिजोऱ्या रिकाम्या होत्या.

ही कहाणी बहुतेक वेळा कापूस आणि शेअरचे बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या नावाने सांगितली जाते. ते बुडण्याआधी, १८६४ मध्ये, त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. राजाबाई टॉवर त्या पैशातून उभा राहिला. जुनी बँक ऑफ बॉम्बे या पडझडीत खलास झाली. तिच्या कारभाराची चौकशी करायला १८६८ मध्ये सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. दिनशा वाच्छांनी तरुणपणी हे सारे पाहिले होते आणि १९१० मध्ये त्यावर पुस्तकच लिहिले. डॉ. भाऊ दाजींसारख्या विद्वानालाही १८६५ च्याच पडझडीने आर्थिकदृष्ट्या मोडले.

मोठ्या नावांचे असे कोणीतरी लिहून ठेवते. पण दलाल, सराफ, पेढीवरचे मेहता, बायकोचे दागिने गहाण टाकून दोन शेअर घेतलेले कारकून यांचे काय झाले, हे कुठे वाचायचे? त्यांच्यावर कोणी पुस्तक लिहिले नाही. त्यांच्याबद्दल जे काही उरले आहे त्यातला मोठा भाग नादारी कोर्टाच्या कागदांत आहे. हे कागद शोधायची एक रीत आहे आणि ती कायद्याच्या इतिहासातच दडलेली आहे. माणूस कोणत्या साली, कोणत्या हद्दीत आणि कोण म्हणून बुडाला, एवढे ठरवले की त्याची फाइल कुठल्या खोलीत असायला हवी ते समजते.

इंग्रजांच्या आधी ही फाइलच नव्हती. पेशवाईत कर्ज वसूल करायचा सर्रास मार्ग म्हणजे तगादा. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात त्याचे तपशीलवार वर्णन केले आहे. कर्जदार बरोबरीचा किंवा खालचा असेल तर सावकार त्याला घराबाहेर पडू देत नसे, जेवू देत नसे, तडजोड होईपर्यंत उन्हात बसवून ठेवी. कर्जदार वरचढ असेल तर सावकार स्वतःच त्याच्या दारात उपाशी धरणे धरी. सगळा व्यवहार उंबऱ्यावर चाले. रोख्यापलीकडे त्याचा कागद होत नसे, आणि कर्जदाराला ‘आता माझ्याकडे काही उरले नाही, मला मोकळे करा’ असे म्हणण्याची सोय नव्हती.

ती सोय मुंबई शहरात १८२८ च्या कायद्याने आली. लंडनच्या पार्लमेंटने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन शहरांसाठी नादार कर्जदारांची कोर्टे काढली. १८४८ मध्ये नवा कायदा झाला. १८६२ मध्ये हायकोर्ट आले आणि हे काम त्याच्या न्यायाधीशाकडे गेले. शेअरच्या वेडात बुडालेल्यांची संख्या एवढी होती की १८६५ चा २८ वा कायदा केवळ या पडझडीच्या निमित्ताने करावा लागला. मग १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी अ‍ॅक्ट. त्यात ‘ऑफिशियल असाइनी’ हा अधिकारी केंद्रस्थानी आहे. नादारीचा हुकूम झाला की माणसाची मालमत्ता त्याच्या ताब्यात जाते, आणि तो ती विकून धनकोंना हिश्शाने वाटतो. या असाइनीचा हात शहरापुरता नव्हता. मुंबईचे ऑफिशियल असाइनी विरुद्ध अमृतसरच्या स्मॉल कॉज कोर्टाचे रजिस्ट्रार, असे प्रकरण थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १९१० मध्ये निकाली निघाले. मुंबईतल्या पेढीचा माल कुठे कुठे पसरलेला असे, हे त्या नावावरूनच ध्यानात येते.

या फाइलीत काय असते ते पाहिले की ती शोधण्याचा खटाटोप सार्थ वाटतो. आधी अर्ज, कर्जदाराचा स्वतःचा किंवा धनकोचा. मग शेड्यूल: कोणाचे किती देणे, कोणाकडून किती येणे, घरात काय आहे. हे सारे माणसाने शपथेवर लिहून दिलेले असते. त्यानंतर कोर्टात उघड तपासणी होते. प्रश्न विचारले जातात, उत्तरे टिपली जातात, नादाराला वाचून दाखवून त्याची सही घेतली जाते, आणि धनकोंना ती टिपणे पाहता येतात. हिशेबाच्या वह्या का ठेवल्या नाहीत? सट्ट्यात किती घातले? ऐपतीबाहेर खर्च केला का? मुक्ततेचा हुकूम देताना कोर्टाने या गोष्टी पाहाव्यात असे कायदाच सांगतो. दुकानदाराचा एवढा सविस्तर जबाब इतर कुठे सापडणार नाही. सुखवस्तू माणसाचे घर त्याच्या मृत्यूनंतरच्या यादीत तरी दिसते. गरीब आणि मध्यम माणसाचे घर असे फक्त बुडतानाच कागदावर येते.

काय जप्त करायचे नाही, याची कलमेही वाचण्याजोगी आहेत. १९०९ च्या कायद्यात नादाराची हत्यारे आणि त्याचे, बायकोचे, मुलांचे गरजेचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, सामान असे सगळे मिळून तीनशे रुपयांपर्यंत वगळले आहे. दिवाणी संहितेच्या साठाव्या कलमात शेतकऱ्याची अवजारे, गुरे आणि बियाणे सोडले आहे. शिवाय धर्माच्या रिवाजाप्रमाणे जे दागिने बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत तेही. मंगळसूत्राचे नाव न घेता ते वाचवणारे हे कलम आहे.

शहराबाहेर चित्र वेगळे होते. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांवर धाव घेतली आणि कर्जरोखे जाळले. दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगाव पसरले, आयोग नेमला गेला, आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा निघाला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांत पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद झाले. पन्नास रुपये कर्ज असलेल्या शेतकऱ्यालाही नादारीचा अर्ज करता येऊ लागला, तोही हायकोर्टात नव्हे, जवळच्या सब-जज्जापुढे. कुटुंबाच्या पोटापुरती जमीन सोडून बाकीची कलेक्टरने सात वर्षांपर्यंत सांभाळावी आणि उत्पन्नातून कर्ज फेडावे, अशीही तरतूद होती. न्यायमूर्ती रानडे काही वर्षे याच कायद्याखालचे स्पेशल जज्ज होते. म्हणून पणजोबा इंदापूरचे कुणबी असतील तर मुंबईत शोधून उपयोग नाही. तालुक्याच्या कोर्टाचे जुने दप्तर आणि जिल्हा कोर्टाची रेकॉर्ड रूम हीच वाट.

चार जिल्ह्यांपलीकडच्या मुलखात आधी दिवाणी संहितेतली नादारीची कलमे, मग १९०७ चा आणि १९२० चा प्रांतिक कायदा लागू होता. १९२० च्या कायद्याखाली निदान पाचशे रुपये देणे हवे, अर्ज जिल्हा कोर्टात, मालमत्ता रिसीव्हरकडे. हद्दीची गफलत इथेच होते. १९१० च्या सुमाराला वांद्र्यात राहून तिथेच दुकान चालवणारा माणूस आजच्या हिशेबाने मुंबईकर, पण वांद्रे तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. त्याचा अर्ज ठाण्याच्या दप्तरात असायचा. मराठवाड्याचे तर १९४८ पर्यंत राज्यच निराळे होते, आणि कोर्टाची भाषा उर्दू.

कोर्ट ठाऊक नसेल तर सुरुवात राजपत्रापासून करावी. नादारीचा हुकूम सरकारी गॅझेटात छापायचा असे १९०९ चा आणि १९२० चा असे दोन्ही कायदे सांगतात, आणि त्या चार ओळींत नाव, पत्ता, धंदा, हुकमाची तारीख आणि कोर्ट हे सारे असते. तारीख आणि कोर्ट हाती आले की निम्मे काम झाले. बॉम्बे गव्हर्नमेंट गॅझेटचे जुने खंड एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात आणि एशियाटिक सोसायटीत पाहावेत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतही, इंडिया ऑफिसच्या कागदांत, ते आहेत. वाद वरपर्यंत गेला असेल तर १८७६ पासूनचे इंडियन लॉ रिपोर्ट्सचे मुंबईचे खंड चाळावेत.

नावाची अडचण मोठी. एकोणिसाव्या शतकातल्या यादीत आडनाव सापडेलच असे नाही. ‘तुकाराम बिन संताजी’ असा उल्लेख असतो आणि सूची पहिल्या नावावरून केलेली असते. खुर्शेदजीसारखे पारशी नाव इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिलेले आढळते. शोधणाऱ्याने चारही पाहावीत. पुरावा म्हणून दाखल झालेल्या कीर्द-खतावण्या मोडीत, मुंबईच्या पेढ्यांच्या बऱ्याचदा गुजरातीत. मोडी वाचणारा सोबत नसेल तर फाइल मिळूनही तिचा गाभा हातचा जातो.

जिल्हा कोर्टात आधी नादारीचे रजिस्टर पाहायचे, त्यावरून अर्जाचा क्रमांक आणि साल काढायचे. फाइल हाती आली की नि. (निशाणी) १ म्हणजे मूळ अर्ज, आणि वरचा रोजनामा म्हणजे कोणत्या तारखेला काय झाले याची नोंद. घाईत असलेला माणूस रोजनामा ओलांडून निकालाकडे जातो आणि तिथेच फसतो. धनको हजर, कर्जदार आजारी, रिसीव्हरने मुदत मागितली, भांड्यांचा लिलाव झाला: घराची पडझड रोजनाम्यातच तारीखवार दिसते. नकलेसाठी अर्ज आणि कोर्ट फी लागते. प्रकरणात पक्षकार नसलेल्याला कारण द्यावे लागते. कौटुंबिक इतिहास किंवा संशोधन हे कारण संकोच न करता लिहावे.

फाइल नसेल, हीही शक्यता धरून चालावी. कोर्टाचे कागद वर्गवारीने ठेवतात; काही कायमचे, काही ठराविक वर्षांनंतर नष्ट करायचे, आणि १९१७ च्या कायद्याने या नाशाला रीतसर आधार दिला. जागेची टंचाई खरी आहे. तरीही नादारीची शेड्यूल रद्दीत जावीत, हे महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचे फार मोठे नुकसान आहे. जमीनजुमल्याचे निकाल वारसांना लागतात म्हणून टिकतात. बुडालेल्या शिंप्याची यादी कोणी मागायला येत नाही. ती निदान छायाचित्र काढून ठेवल्याशिवाय नष्ट होऊ नये.

आजच्या प्रकरणांचा माग सोपा आहे. कंपन्यांचे दिवाळे २०१६ च्या संहितेखाली कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाते, आणि जाहीर सूचना नादारी व दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. २०१९ च्या डिसेंबरपासून कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तीही त्या संहितेखाली आल्या. पण जुने दोन कायदे रद्द करणारे कलम अमलात आलेले नाही, त्यामुळे साधा नोकरदार किंवा दुकानदार अजूनही १९०९ च्या नाहीतर १९२० च्या कायद्यानेच कोर्टात जातो. त्याचे नाव ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने आणि सालाने शोधता येते. संगणकात न चढलेल्या जुन्या प्रकरणांसाठी मात्र रेकॉर्ड रूमच्या कारकुनालाच गाठावे लागते, आणि सोबत साल, हद्द आणि बापाचे नाव एवढे घेऊन गेले तर तो बहुधा पहिल्याच दिवशी योग्य रजिस्टर काढून देतो.