दहा सेट, दहा काउंट, एक मिनिट विश्रांती : हा व्यायाम सुरू करण्याआधी गावाकडच्या पोरांनी एवढं वाचा

बीड (प्रतिनिधी) : पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं आता सकाळी रोडवर पळतात आणि संध्याकाळी जिममध्ये दिसतात. तालुक्याच्या गावीच नाही, तर मोठ्या खेड्यांतही पत्र्याच्या शेडमध्ये जिम झाल्या आहेत. मोबाईलवर व्हिडिओ बघून तिथं सध्या एक प्रकार जोरात चालू आहे. एकच व्यायाम धरायचा, त्याचे दहा सेट मारायचे, प्रत्येक सेटला दहा काउंट आणि मध्ये फक्त एक मिनिट थांबायचं. हा प्रकार नेमका काय आहे, फायदा किती, धोका कुठं आणि आपल्याकडच्या माणसानं तो कसा करावा, याची ही माहिती.

हा व्यायाम आला कुठून?

याला जर्मन व्हॉल्यूम ट्रेनिंग म्हणतात. १९७० च्या दशकात जर्मनीतले वेटलिफ्टर स्पर्धा नसलेल्या दिवसांत वजन वाढवायला हा व्यायाम करायचे, असं सांगतात. पुढं १९९० च्या दशकात कॅनडाचे प्रशिक्षक चार्ल्स पोलिक्विन यांनी यावर लिहिलं आणि तो जगभर गेला.

नाव जर्मन असलं तरी मूळ कल्पना आपल्याला नवी नाही. तालमीतले जोर-बैठका म्हणजे तेच. वजन स्वतःच्या अंगाचं, आकडा मोठा आणि दम घ्यायला वेळ थोडा. आपल्या पाटोद्याचे पैलवान राहुल आवारे असल्याच लाल मातीत घडले. त्यांनी कुस्तीचे पहिले धडे वडिलांकडं घेतले, नंतर पुण्यात हरिश्चंद्र बिराजदार आणि काका पवार यांच्या हाताखाली मेहनत केली. २०१८ ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण आणि २०१९ ला जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक मिळवलं. त्यामागं लहानपणापासूनची बरीच वर्षं आहेत. तालमीत नव्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी पाचशे बैठका मारायला लावत नाही, आकडा हळूहळू वाढवतो. मोबाईलवरच्या व्हिडिओत वस्ताद नसतो, खरी अडचण तिथं आहे.

मूळ नियम काय आहेत?

- वजन : आपण एका वेळी जास्तीत जास्त जेवढं उचलू शकतो, त्याच्या साधारण ६० टक्के. सोपी खूण म्हणजे जे वजन ताजेपणी सलग २० वेळा उचलता येतं, ते घ्यायचं.
- सेट आणि काउंट : १० सेट, प्रत्येकी १० काउंट.
- विश्रांती : दोन सेटच्या मध्ये ६० ते ९० सेकंद.
- वेग : वजन खाली आणताना सावकाश, साधारण चार सेकंद.
- पुन्हा कधी : त्याच अंगाचा व्यायाम चार-पाच दिवसांनी.

पहिले तीन-चार सेट एकदम हलके वाटतात. सहाव्या-सातव्या सेटला पाय थरथरायला लागतात. स्नायूला झटक्याच्या कामासाठी लागणारा साठा पुरता भरून यायला तीनेक मिनिटं लागतात, आपण त्याला एकच मिनिट देतो.

एक हिशोब करून बघा. खांद्यावर ४० किलोचा रॉड घेऊन १०० बैठका म्हणजे ४,००० किलो, म्हणजे ४० क्विंटल. पन्नास किलोची ८० पोती झाली. तीही पंचवीस मिनिटांच्या आत. सवय नसलेल्या माणसानं पहिल्याच दिवशी ८० पोती हलवली तर दुसऱ्या दिवशी काय होईल, ते आपल्याला सांगायची गरज नाही.

मी स्वतः करून बघितलं

मागच्या हिवाळ्यात मीही हा व्यायाम केला. वय चाळीशीच्या पुढं, पण शेतात राबणारं अंग, म्हणून वाटलं आपल्याला काय होतंय. पहिल्याच दिवशी बैठकांचे दहाच्या दहा सेट मारले. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या, तिसऱ्या दिवशी तर खाली बसता येईना. लाईट रात्रीची होती आणि हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. मला काही दारं धरता आली नाहीत, त्यासाठी माणूस लावावा लागला. व्यायामापायी मजुरी गेली. आठ दिवस थांबून परत सुरू केलं, तेव्हा फक्त तीन सेट धरले. दीड महिन्यात पाच सेटवर आलो आणि तिथंच थांबलो. अंग हलकं झालं, पोतं उचलताना फरक कळतो. दहा सेटची गरज मला तरी पडली नाही.

अभ्यास काय सांगतो?

२०१७ साली ऑस्ट्रेलियात व्यायामाची सवय असलेल्या १९ जणांवर सहा आठवडे अभ्यास झाला. एका गटाला दहा सेट, दुसऱ्याला पाच. दहा सेट मारणाऱ्यांना जास्तीचा फायदा दिसला नाही, काही बाबतीत पाचवालेच पुढं होते. २०१६ च्या अमेरिकेतल्या दुसऱ्या अभ्यासात एक मिनिट थांबणाऱ्यांपेक्षा तीन मिनिटं थांबणाऱ्यांची ताकद जास्त वाढली. म्हणजे कमी विश्रांतीनं दम वाढतो, वेळ वाचतो, पण ताकद हवी असेल तर थांबावं लागतं.

मोठा धोका : लघवीचा रंग बघा

सवय नसताना एकदम जास्त व्यायाम झाला तर स्नायू तुटून त्यातला माल रक्तात उतरतो आणि किडनीवर ताण येतो. डॉक्टर याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. ऊन, पाणी कमी पिणं आणि बऱ्याच दिवसांच्या खंडानंतर एकदम जोर लावणं, यानं धोका वाढतो. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये तर भट्टीच असते.

व्यायामानंतर पहिल्या तीन-चार दिवसांत या खुणा दिसल्या तर थांबायचं :

- लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी काळपट होणं, किंवा फार कमी होणं
- दंड, मांडी सुजून टणक होणं
- साध्या अंगदुखीपेक्षा फार जास्त दुखणं, हातपाय उचलता न येणं

असं झालं तर घरी शेक घेत बसू नका. दुखण्याची गोळी मनानं घेऊ नका, काही गोळ्यांनी किडनीवर आणखी ताण येतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना व्यायामाचं स्पष्ट सांगा. रक्ताच्या तपासणीत लगेच कळतं. वेळेत सलाईन लागलं तर बहुतेक जण बरे होतात, उशीर झाला तर डायलिसिसची वेळ येऊ शकते.

बीपी, शुगर, छातीत दुखणं, मुतखडा किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी आणि चाळीशीच्या पुढच्यांनी आधी डॉक्टरला विचारावं. लवकर बॉडी व्हावी म्हणून कोणी इंजेक्शन देत असेल तर त्या वाटेला जाऊच नका.

आपल्या माणसानं कसं करावं?

- पहिले दोन आठवडे : ३ सेट, १० काउंट, मध्ये २ मिनिटं विश्रांती. वजन हलकं.
- तिसरा-चौथा आठवडा : ४ सेट, विश्रांती तेवढीच.
- पाचवा-सहावा आठवडा : ५ सेट, विश्रांती दीड मिनिट.
- नंतर एक आठवडा हलका. जमत असेल तरच पुढं.

काउंट पूर्ण होईनात, कंबर वाकायला लागली, की तो सेट तिथंच संपला. रॉड खांद्यावर असताना जवळ एक माणूस उभा पाहिजे. दिवसभर खुरपणी, फवारणी किंवा मोळ्या उचलल्या असतील तर त्या दिवशी जिम नको. तोही व्यायामच झाला. कारखान्यावरून परतलेल्या पोरांनी आधी आठ-दहा दिवस अंगाला आराम द्यावा.

खुराक महाग लागतो असं नाही. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, लिटरभर दुधात ३० ग्रॅमच्या वर, १०० ग्रॅम शेंगदाण्यात २५ आणि तेवढ्याच कोरड्या हरभऱ्यात २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. साठ किलोच्या पोराला व्यायामाच्या दिवसांत ९० ते ९५ ग्रॅम पुरतात. भाकरी, डाळ, उसळ, शेंगदाणे, दूध यात ते बसतं. झोप मात्र सात-आठ तास पाहिजे.

भरतीवाल्यांसाठी

पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. यात दंडाच्या घेराला एकही गुण नाही. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा असतो, तो फेकायला पायाची आणि कंबरेची झटक्याची ताकद लागते. म्हणून भरतीच्या पोरांनी जास्त सेटपेक्षा कमी सेट, जड वजन आणि पूर्ण विश्रांती धरावी. पायाचा जड व्यायाम धावण्याच्या सरावाच्या आदल्या दिवशी ठेवू नये. मैदानी तारीख जवळ आली की शेवटचे दोन आठवडे असला नवा प्रयोग पूर्ण बंद.

वर्ष-दोन वर्षं अभ्यास करून, खोलीचं भाडं भरून, घरच्यांनी उसनवारी करून पोरगं मैदानावर उभं राहतं. ते एका व्हिडिओपायी लंगडत उभं राहू नये. आज तीन सेट मारा, घरी जा, पाणी प्या, झोपा. चौथा सेट पुढच्या आठवड्यात.