पांजरपोळाचा उगम

पावर हाउसच्या बाजारात भटक्या कुत्र्यांची शुश्रूषा करणारे तरुण दिसले, की आम्हां मराठी मंडळींपैकी कुणी तरी हटकून म्हणतो, ‘‘हे साहेबी खूळ!’’ इतिहास उलटे सांगतो. १८३२ साली मुंबईत साहेबानेच कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस लावले. लोभापायी शिपाई घरांतली पाळीव कुत्रीही ओढून नेऊ लागले. कुत्रा पवित्र मानणारे पारशी खवळले. दुकाने बंद झाली, गोऱ्या फौजेची रसद अडली. दंगा लष्कराने मोडला. पण १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा यांनी पांजरपोळाची स्थापना केली. २००१ च्या नियमांनी मारण्याऐवजी नसबंदी व लस हा मार्ग घालून दिला. त्यासाठी कुत्रे हाकेसरशी जवळ येईल असा ओळखीचा माणूस लागतो. बक्षिसाच्या आशेने आलेला शिपाई तेथे उपयोगाचा नाही.