ओयामा, नोबुयो

ओयामा, नोबुयो : (१६ ऑक्टोबर १९३३ – २९ सप्टेंबर २०२४). जपानी अभिनेत्री व ध्वनिकलाकार. ‘डोरेमॉन’ या दूरचित्रवाणी मालिकेतील निळ्या यंत्रमांजराचा आवाज म्हणून त्या जगभर ओळखल्या जातात. एप्रिल १९७९ ते मार्च २००५ अशी सलग सव्वीस वर्षे त्यांनी ही भूमिका केली. ज्या आवाजावरून शाळेत त्यांची टिंगल झाली, तोच आवाज पुढे जपानच्या घराघरांत पोहोचला.

त्यांचा जन्म टोकियोच्या शिबुया भागात झाला. आवाज लहानपणापासूनच भरड, घोगरा आणि चटकन ओळखू येणारा. माध्यमिक शाळेत वर्गातली मुले त्यावरून चिडवू लागली, तशी ही मुलगी तोंडच उघडेनाशी झाली. आईने मात्र तिला गप्प बसू दिले नाही. उणी बाजू म्हणून आवाज लपवत राहिलीस तर तो अधिकच दुबळा होईल, तेव्हा आवाज वापरावा लागेल असेच काहीतरी कर, असे तिने लेकीला बजावले. नोबुयो शाळेच्या प्रसारण मंडळात दाखल झाल्या. पुढे आयुष्यभर त्या हा प्रसंग सांगत राहिल्या. त्यांच्या कारकिर्दीची पायाभरणी याच सल्ल्यात आहे, असे मानायला हरकत नाही.

हाइयुझा या नामवंत नाट्यसंस्थेच्या प्रशिक्षण शाळेत त्यांनी अभिनयाचे शिक्षण घेतले. १९५६ मध्ये एनएचके या जपानी सार्वजनिक प्रसारणसंस्थेच्या एका नाटकातून त्या दूरचित्रवाणीवर आल्या आणि पुढच्याच वर्षी ‘लॅसी’ या अमेरिकन मालिकेच्या जपानी रूपांतरात त्यांनी प्रथम दुसऱ्याच्या तोंडी आपला आवाज दिला. जपानमध्ये दूरचित्रवाणी तेव्हा नुकती रांगू लागली होती. परदेशी मालिका आणून त्यांना जपानी संवाद देण्याचे काम भराभर वाढत होते आणि सुरुवातीला पुष्कळदा ते थेट प्रक्षेपणातच करावे लागे. चूक झाली तर दुरुस्तीला वाव नसे. अशा कामाला लहान मुले बसवणे जवळपास अशक्यच, म्हणून मुलग्यांच्या भूमिका स्त्रियांकडे आल्या. स्त्रीचा आवाज वयात येताना मुलग्यासारखा फुटत नाही, हा आणखी एक फायदा. जपानी ॲनिमेशनमध्ये आजही असंख्य मुलगे स्त्रियांच्या आवाजात बोलतात, ते या व्यावहारिक गरजेतून सुरू झालेल्या प्रथेमुळे. ओयामा यांचा घोगरा गळा या कामाला नेमका जुळला.

एनएचकेवर १९६० ते १९६७ या काळात चाललेल्या ‘बू फू वू’ या बालमालिकेत तीन डुकरांपैकी थोरल्या बूचा आवाज त्यांचा होता. धाकट्या वूला आवाज देत होत्या तेत्सुको कुरोयानागी, म्हणजे मराठी वाचकांच्या लाडक्या ‘तोत्तोचान’च्या लेखिका. १९६६ च्या ‘हॅरिस नो काझे’मध्ये ओयामा दांडगट पण दिलदार शाळकरी पोराचा, कुनिमात्सूचा, आवाज झाल्या. १९६९ मध्ये ‘साझाए-सान’ ही मालिका सुरू झाली, तेव्हा पहिले काही महिने त्यातल्या खोडकर कात्सुओची भूमिका त्यांच्याकडे होती. ही मालिका अजूनही चालू आहे. १९७७ च्या ‘झाम्बॉट ३’ या योशियुकी तोमिनो दिग्दर्शित मालिकेत त्यांनी नायक काप्पेइ साकारला. मुलांसाठीच्या मालिकेत युद्धातली होरपळ आणि जवळच्यांचे मृत्यू इतक्या उघडपणे दाखवणे त्या काळी धाडसाचे होते. ओयामा यांच्या आवाजाला विनोदापलीकडचे वजन होते, हे या भूमिकेत कळते. डोरेमॉनच्या प्रकाशात ही भूमिका झाकोळली गेली, ती पुन्हा ऐकण्याजोगी आहे.

फुजिको एफ. फुजिओ यांची ‘डोरेमॉन’ ही चित्रकथा शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या बालमासिकांत १९७० च्या जानेवारी अंकांपासून सुरू झाली होती. १९७३ मध्ये निप्पॉन टीव्हीने तिची मालिका केली. तिच्यात डोरेमॉनचा आवाज आधी कोसेइ तोमिता यांनी आणि नंतर मासाको नोझावा यांनी दिला. ती सहा महिन्यांत गुंडाळली गेली. २ एप्रिल १९७९ रोजी शिन-एई ॲनिमेशनने तयार केलेली नवी मालिका टीव्ही आसाहीवर आली आणि तिने इतिहास घडवला. ओयामा तेव्हा पंचेचाळीस वर्षांच्या होत्या.

त्यांनी या पात्राचा विचार मुळापासून केला. डोरेमॉन हा भविष्यातून आलेला, मुलाला सांभाळण्यासाठी बनवलेला यंत्रमानव आहे. मग त्याच्या निर्मात्यांनी त्याच्यात शिवराळ शब्द कशाला भरले असतील, असा त्यांचा सरळ सवाल होता. म्हणून त्यांचा डोरेमॉन चिडतो, वैतागतो, उंदीर दिसला की किंचाळत पळतो, पण घाण बोलत नाही. भेटणाऱ्याला तो अदबीने नमस्कार करतो आणि ‘मी डोरेमॉन’ अशी स्वतःची ओळख करून देतो. ही ओळख संहितेत नव्हती, ती ओयामा यांनी घातली. पुढे जपानमधले नकलाकार डोरेमॉनची नक्कल याच वाक्याने सुरू करू लागले. पोटावरच्या खिशातून वस्तू काढतानाची त्यांची लकबही तशीच प्रसिद्ध आहे. डोक्यावर लावून उडायचा ‘ताकेकोप्तर’ असो वा हवे तिथे नेणारे दार ‘दोकोदेमो दोआ’, त्या नाव अक्षरागणिक लांबवत, जत्रेतल्या जादूगारासारख्या मिरवत उच्चारत. वस्तू दिसण्याआधी मुलाला तिची चाहूल लागे ती आवाजातून. डोरेमॉनचा आवाज असा होता तर, अशा आशयाचे उद्गार खुद्द फुजिको यांनी काढल्याचे ओयामा सांगत. चित्रकथेच्या जनकाकडून याहून मोठी पावती मिळणे कठीण.

या यशात सहकलाकारांचाही वाटा मोठा आहे. डोरेमॉन ज्याला सांभाळतो तो नोबिता झालेल्या नोरिको ओहारा आणि त्याच्या सोबत्यांपैकी शिझुका झालेल्या मिचिको नोमुरा, सुनिओ झालेले कानेता किमोत्सुकी आणि जियान झालेले काझुया तातेकाबे ही मंडळी पाव शतक एकत्र काम करत राहिली. जपानी पद्धतीत कलाकार एकाच ध्वनिमुद्रण कक्षात जमतात, मोजक्या माइकसमोर आळीपाळीने उभे राहतात आणि संहितेच्या पानाचा आवाज होऊ न देता समोरच्या चित्रावर संवाद बसवतात. नोबिताच्या रडण्यावर डोरेमॉनचा सुस्कारा अचूक येतो, कारण दोघी शेजारी उभ्या असत. एकेकट्याने येऊन संवाद नोंदवल्याने हे साधत नाही. १९८० च्या ‘नोबिताचा डायनासोर’पासून २००४ पर्यंतचे पंचवीस चित्रपट याच पाच जणांच्या आवाजात आहेत. १९९६ मध्ये फुजिको यांचे निधन झाल्यानंतरही मालिका थांबली नाही.

२००१ मध्ये ओयामा यांना मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेनंतर त्या कामावर परतल्या, पण आता वारसा पुढे द्यावा हा विचार बळावला. मार्च २००५ मध्ये पाचही प्रमुख कलाकार एकाच वेळी बाहेर पडले आणि एप्रिलपासून डोरेमॉनची भूमिका वासाबी मिझुता यांच्याकडे गेली. आपल्या डोरेमॉन-पर्वावर ओयामा यांनी २००६ मध्ये आठवणींचे पुस्तक लिहिले.

त्या उत्तम स्वयंपाक करीत. मद्यासोबत खायच्या पदार्थांवरील त्यांचे १९८१ चे पुस्तक तडाखेबंद खपले. ‘अर्कानॉइड’ या व्हिडिओ गेममध्येही त्या तरबेज होत्या. २००७ पासून त्यांनी ध्वनिकलेचे शिक्षण देणाऱ्या एका संस्थेचे प्राचार्यपद सांभाळले. २०१० च्या ‘दांगानरोन्पा’ या गेममध्ये त्यांनी मोनोकुमा हे अर्धे काळे, अर्धे पांढरे अस्वल रंगवले. ते शाळकरी मुलांना एकमेकांचे खून करायला लावते. डोरेमॉनचाच परिचित, प्रेमळ सूर अशा क्रूर पात्राच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा येतो. वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी आपल्याच प्रतिमेला असे उलटे करणे हे अस्सल नटाचे लक्षण होय.

अभिनेते केइसुके सागावा यांच्याशी त्यांचा विवाह १९६४ मध्ये झाला. सागावा हे एनएचकेच्या बालकार्यक्रमात मुलांना कवायत शिकवणारे ‘दादा’ म्हणून लोकप्रिय होते. २०१२ मध्ये ओयामा यांना अल्झायमर असल्याचे निदान झाले. डोरेमॉनच्या प्रतिमेला धक्का लागेल म्हणून सागावा यांनी ते लपवून ठेवले. अखेर मित्र सांदायू दोकुमामुशी यांच्या आग्रहावरून मे २०१५ मध्ये त्यांनी रेडिओवरून ही गोष्ट जाहीर केली आणि त्याच वर्षी पत्नीच्या शुश्रूषेवर पुस्तक लिहिले. घरातल्या माणसाचा स्मृतिभ्रंश चारचौघांत बोलायचा नाही, या संकोचाला त्यातून मोठा छेद गेला. अनेक कुटुंबांना बोलण्याचे बळ देणारी ही कृती ओयामा यांच्या चरित्रात भूमिकांइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे. पुढे सागावा स्वतः कर्करोगाने आजारी पडले, तेव्हा ओयामा यांना शुश्रूषागृहात ठेवावे लागले. जुलै २०१७ मध्ये सागावा वारले. नोबिता झालेल्या नोरिको ओहारा जुलै २०२४ मध्ये गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, वार्धक्याने ओयामा यांचे निधन झाले. ही बातमी ११ ऑक्टोबरला जाहीर करण्यात आली.

भारतात ओयामा यांच्या काळातली मालिका हिंदी संवादांसह आली. महाराष्ट्रातल्या मुलांनी डोरेमॉन पाहिला तो हिंदीतच, त्यामुळे ही पिढी त्या मालिकेच्या चित्रांशी परिचित असूनही ओयामा यांच्या आवाजाला मुकली. ज्यांच्या बालपणात डोरेमॉन आहे, त्यांनी ‘नोबिताचा डायनासोर’ एकदा तरी मूळ जपानीत ऐकावा. भाषा कळली नाही तरी चालेल.