आच्छादन पिकानंतरची कीड : मधला अवकाश महत्त्वाचा

जमिनीची धूप रोखण्यासाठी, तण दाबण्यासाठी आणि सेंद्रिय कर्ब वाढविण्यासाठी मुख्य पिकाआधी जे पीक घेतले जाते, त्यास आच्छादन पीक म्हणतात. ताग, धैंचा व चवळी ही त्याची परिचित उदाहरणे. गोव्यातील मोरड जमिनीत किंवा बेळगाव परिसरात अशा पिकानंतर मका, मिरची वा भुईमूग ओळीत घेतल्यास जमिनीचा कस सुधारतो. मात्र त्याच हिरवळीत वाढलेली कीड उपाशी राहत नाही. ती कोवळ्या रोपांकडे वळते.

प्रमुख किडी

रोपे कुरतडणारी अळी दिवसा मातीत दडते व रात्री रोप जमिनीलगत कापते. हुमणी मुळे खाते, तर वाळवी सुकलेल्या अवशेषांवर पोसते. बाजरीसारखे तृणवर्गीय आच्छादन असल्यास मक्यावर लष्करी अळीचा धोका वाढतो. अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम २०१८ मध्ये कर्नाटकातील मक्यावर आढळली.

व्यवस्थापन

ताग किंवा धैंचा ४५ ते ५० दिवसांनी, फुलोऱ्याच्या सुमारास जमिनीत गाडावा. त्यानंतर किमान दोन आठवड्यांनी पेरणी करावी. या अवकाशात हिरवा पाला कुजतो आणि अन्न न मिळाल्याने बऱ्याच अळ्या मरतात. बांधावरील तणही याच काळात काढावे, अन्यथा किडीला तेथे आसरा मिळतो. कच्चे शेणखत हुमणीस पोषक ठरते. म्हणून पूर्ण कुजलेलेच वापरावे.

उगवणीनंतरचे पहिले तीन आठवडे निर्णायक असतात. सायंकाळी ओळींमध्ये गवताचे लहान ढीग ठेवून सकाळी त्याखालील अळ्या वेचून नष्ट कराव्यात. मक्यात एकरी ५ कामगंध सापळे लावावेत व पोंग्यांची नियमित पाहणी करावी. सुमारे ५ टक्के झाडांवर प्रादुर्भाव दिसताच ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी १०० लिटर पाण्यास ५ किलो निंबोळी चूर्ण लागते.

सरसकट फवारणी टाळावी

आच्छादनात कोळी, भुंगेरे व ढालकिडे यांसारखे मित्रकीटकही वाढतात. कीड दिसण्यापूर्वीच रासायनिक फवारणी केल्यास तेच आधी नष्ट होतात आणि आच्छादनाने मिळवलेला निम्मा लाभ वाया जातो. म्हणूनच आधी पाहणी, मग उपाय हा क्रम सोडू नये.